विश्रांतीतही धावणारी नाडी

दिल्ली शहराच्या उत्तरेस टेकड्यांची जी लांबट कड आहे, तिच्या माथ्यावर एक मोठे सार्वजनिक रुग्णालय उभे आहे. दिल्लीकर त्याला ‘हिंदूराव’ एवढ्या एकाच शब्दाने ओळखतात. हे नाव एका मराठी सरदाराचे आहे. हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातील सर्जेराव घाटगे यांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. या टेकडीवरील बंगल्यात पूर्वी विल्यम फ्रेझर हा कंपनी सरकारचा अधिकारी राहत असे. १८३५ साली त्याचा खून झाला आणि पुढे हा बंगला हिंदूरावांकडे आला. १८५५ साली हिंदूराव निवर्तले, पण वास्तूला त्यांचे नाव कायमचे चिकटले.

त्यानंतर दोनच वर्षांनी ही वास्तू रणांगणात सापडली. १८५७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिल्लीस वेढा घालून बसलेल्या इंग्रज फौजेचे हिंदूरावांचा वाडा हे एक प्रमुख ठाणे होते. तोफांच्या माऱ्याने त्याच्या भिंतींची चाळण झाली. परंतु त्या फौजेला तोफगोळ्यांइतकेच भय पटकीचे होते. सेनापती अ‍ॅन्सन हा दिल्लीस पोहोचण्यापूर्वीच कर्नाल येथे पटकीने मरण पावला. त्याच्या मागून आलेला बर्नार्ड हाही ५ जुलै १८५७ रोजी टेकडीवरील छावणीत त्याच रोगाने दगावला.

पटकीच्या रोग्याची नाडी कशी चालते, हे त्या काळच्या प्रत्येक वैद्याला ठाऊक होते. ती अतिशय जलद चालते आणि सुतासारखी बारीक होत जाते. जुलाबावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून गेलेले असतात. वाहिन्यांत रक्त उणे पडते आणि उरलेले रक्त सर्वत्र पोहोचविण्यासाठी हृदय धावू लागते. त्या नाडीचा अर्थ एकच होता : पाणी द्या, मीठ द्या. टॉमस लाट्टा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ सालीच पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून पाहिले होते. पण तो उपाय मागे पडला आणि कॅलोमेल, अफू यांसारख्या औषधांचाच मारा पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. नाडी सांगत होती ते ऐकले जात होते, परंतु समजत नव्हते.

आज त्याच टेकडीवर नाडी मोजली जाते ती रोग्याला वाचविण्यासाठी, आणि तिचा अर्थही आपल्याला पुष्कळ अंशी उलगडला आहे. तथापि घरोघरी काय दिसते? कोणाचे हृदय बसल्या जागी धडधडू लागले, तर एक तर ‘हृदयविकार झाला’ म्हणून सारे घर हादरते, किंवा ‘मनाचा खेळ आहे, दुर्लक्ष कर’ असे सांगून त्या माणसाला गप्प बसविले जाते. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. विश्रांतीत जलद चालणारी नाडी ही बहुधा स्वतः रोग नसते. तो शरीराने धाडलेला निरोप असतो. तो कोणी धाडला आणि कशासाठी, याचा शोध घेणे हाच खरा उपचार होय.

हृदयाचा हिशेब

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलले जाते. ठोके ७२ धरले, तर मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाकाठी एक लाखाहून अधिक ठोके असा हा हिशेब होतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याची लय तोच ठरवितो. मेंदूकडून येणाऱ्या काही नसा त्याला आवरतात, तर काही त्याला उत्तेजन देतात. भीती, राग वा श्रम यांच्या वेळी रक्तात येणारे अ‍ॅड्रेनलिन त्याला पळविते.

शरीराला अधिक रक्ताची गरज लागली, की हृदयापुढे दोन मार्ग असतात : एका ठोक्याला जास्त रक्त ढकलणे, अथवा ठोके वाढविणे. दुसरा मार्ग झटपट उपयोगी पडतो. म्हणून जिना चढताना, बस पकडण्यासाठी धावताना किंवा परीक्षेच्या दालनात शिरताना नाडी वाढली तर ते निरोगीपणाचेच लक्षण आहे. थोड्या विश्रांतीनंतर ती खाली आली म्हणजे झाले.

प्रश्न निर्माण होतो तो स्वस्थ बसले असतानाही नाडी १०० च्या वर राहिली तर. ठोका जितका जलद, तितका दोन ठोक्यांमधील विसावा कमी. हृदय रक्ताने भरते ते या विसाव्यात, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते तेही मुख्यतः याच विसाव्यात. विसावा फार आटला तर हृदय पुरते न भरताच आकुंचन पावते आणि स्वतःही उपाशी राहते. थोडा काळ हे निभते, परंतु दीर्घकाळ नव्हे.

वयाप्रमाणे मोजमाप बदलते, हेही ध्यानात ठेवावे. नवजात बालकाची नाडी मिनिटाला १२० ते १६० असते, ती पाहून आजीबाईंनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मूल वाढते तशी ती मंदावत जाते. नियमित धावणाऱ्या वा कुस्ती खेळणाऱ्या तरुणाची नाडी ६० च्या खाली असू शकते. गरोदर स्त्रीची नाडी १० ते २० ठोक्यांनी वाढते, कारण तिचे हृदय दोघांसाठी काम करीत असते.

नाडी मोजावी कशी

इ. स. १७०७ मध्ये सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने खास नाडी मोजण्याच्या घड्याळाविषयी ग्रंथ लिहिला. त्यापूर्वीही वैद्य नाडी पाहत असत. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आढळते. परंतु ठोके घड्याळावर मोजण्याची शिस्त हळूहळूच आली. आज प्रत्येक घरात घड्याळ आहे. २०२० च्या साथीपासून बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटरही पुष्कळ घरांत आले आहे. तथापि आपली बोटे हे अजूनही उत्तम साधन आहे, कारण यंत्र केवळ आकडा सांगते, बोटांना ठोक्याची लय आणि भरीवपणाही कळतो.

प्रथम पाच मिनिटे स्वस्थ बसावे. चहा, कॉफी, तंबाखू वा जिना यांनंतर लगेच मोजू नये, निदान अर्धा तास जाऊ द्यावा. हाताचा तळवा वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याचा स्वतःचाच ठोका लागून घोटाळा होतो. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारांनी गुणण्याची सवय सोयीची खरी, पण अनियमित नाडी तिच्या हाती लागत नाही. ऑक्सिमीटर वापरणार असाल तर बोट गार नसावे आणि नखावर रंग नसावा.

आकड्याबरोबर तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने पडतात, की वेडेवाकडे? जलद गती हळूहळू वाढली, की कळ दाबावी तशी एकाएकी सुरू झाली? आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी किती असते? सात दिवसांची अशी नोंद घेऊन गेलात, तर डॉक्टरांचे निम्मे काम तुम्ही घरीच केले असे समजा.

पाणी, ऊन आणि ताप

आता कारणांकडे वळू. सर्वांत साधे आणि सर्वांत वारंवार आढळणारे कारण तेच, जे १८५७ साली टेकडीवरील छावणीत होते : शरीरातील पाणी कमी होणे. जुलाब, उलट्या, अतिशय घाम, अथवा दिवसभर कामाच्या रगाड्यात पाणी पिण्यास विसरणे. मे-जूनमध्ये दिल्लीचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. विदर्भातील वाचकांना हे ऊन नवे नाही. अशा दिवसांत त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त अंगभर फिरवावे लागते, घामावाटे पाणी जाते आणि नाडी वाढते. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, लघवी कमी व गडद होणे आणि जिभेला कोरड ही याची सोबतीण लक्षणे होत.

यावरचा उपाय आता प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिण्यास देऊन असंख्य प्राण वाचविले. आजचे ओआरएसचे पाकीट हे त्याच विचाराचे फळ आहे. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती पूड विरघळवावी. कमी पाण्यात केलेले द्रावण अपाय करते.

तापाचाही नाडीशी जवळचा संबंध आहे. ताप एक अंश सेल्सिअसने चढला, की नाडी साधारणतः ८ ते १० ठोक्यांनी वाढते. ताप उतरला की तीही उतरावी. येथे एक सावधगिरीची सूचना विशेष मोलाची आहे. दिल्लीत आणि महाराष्ट्रातही पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूची साथ येते. या रोगात धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या सुमारास. घरची माणसे ‘ताप गेला’ म्हणून निश्चिंत होतात आणि त्याच वेळी रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. अंग गार, हातपाय थंड, पोटात दुखणे, अस्वस्थता आणि नाडी मात्र जलद व क्षीण अशी चिन्हे दिसली, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. ताप गेला आणि नाडी धावतच राहिली, तर आजार गेलेला नाही.

रक्तक्षय : घरोघरचे कारण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याचा अर्थ, हा लेख वाचणाऱ्या बहुतेक कुटुंबांत एक तरी स्त्री अशी असण्याचा संभव आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. विहिरीवरून पाणी आणायचे आहे आणि घरात चारांऐवजी दोनच हंडे उरले आहेत, असे समजा. पाणी तेवढेच हवे असेल, तर खेपा दुप्पट घालाव्या लागतील. रक्तक्षयात हृदय अशाच दुप्पट खेपा घालीत असते. सुरुवातीला केवळ जिना चढताना धाप लागते, पुढे बसल्या जागीही छाती धडधडते. थकवा, चेहऱ्याचा फिकेपणा, केस गळणे, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे ही लक्षणे हळूहळू येतात. म्हणूनच ती ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली झाकली जातात. सून म्हणते, ‘जीव घाबरतो’. घर म्हणते, ‘सगळ्यांनाच होते’. एका साध्या रक्ततपासणीने या वादाचा निकाल लागतो. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय समजावा.

लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू वा आवळा यांच्या सोबतीने ते अधिक लागते. परंतु गोळ्यांनी काम संपत नाही. लोह गेले कोठे, हेही शोधावे लागते. मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातील जंत, जठरातील व्रण, आणि पन्नाशीपुढील माणसांत आतड्यातील गाठ, यांपैकी काही आहे काय हे पाहिलेच पाहिजे.

गळ्यातील लहानशी ग्रंथी

ज्या वर्षी फ्रेझरच्या मृत्यूने हिंदूरावांच्या बंगल्याचे भाग्य पालटले, त्याच १८३५ साली डब्लिन शहरात रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या डॉक्टरने काही स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे हृदय सतत जोराने धडधडत होते आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजली होती. पाच वर्षांनी जर्मनीत बाझेडो यानेही जलद नाडी, गलगंड आणि पुढे आलेले डोळे यांची एकत्र नोंद केली. ही ग्रंथी गरजेपेक्षा अधिक स्राव करू लागली, की शरीराची चूल भडकते. भूक चांगली असूनही वजन घटते, हात थरथरतात, इतरांना थंडी वाजत असताना या माणसाला उकडते, वारंवार शौचास होते, स्वभाव चिडचिडा बनतो.

यातील चिडचिड आणि थरथर तेवढी पाहून अशा रोग्याला ‘चिंतातूर’ ठरविण्याची चूक कित्येकदा होते. दोहोंतील भेद ओळखण्याची एक जुनी आणि सोपी खूण आहे. चिंतेने वाढलेली नाडी गाढ झोपेत शांत होते, थायरॉइडमुळे वाढलेली नाडी झोपेतही जलद राहते. रोगी निजल्यावर घरच्या माणसाने हलक्या हाताने त्याची नाडी मोजावी. ही खूण केवळ संशयासाठी, निर्णय मात्र टीएसएच या रक्ततपासणीनेच होतो. गोळ्यांनी हा विकार आटोक्यात येतो. तसाच सोडला, तर विशेषतः उतारवयात हृदयाची लय बिघडवितो.

हृदयाचा स्वतःचा दोष

कधी कधी निरोप हृदयाकडूनच आलेला असतो. शाळकरी वयात, साधारण ५ ते १५ वर्षांच्या दरम्यान, घसादुखीकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना संधिवाताचा ज्वर येतो. सांधे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपांवर व्रण राहतो. पुढे कित्येक वर्षांनी झडप अरुंद होते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या तरुणीला हा दोष प्रथम जाणवतो तो पुष्कळदा गरोदरपणी, कारण तेव्हा नाडी वाढते, विसावा घटतो आणि अरुंद झडपेतून रक्त पुरते उतरत नाही. रात्री उशाला दोन-तीन उश्या घेतल्याशिवाय झोप येईनाशी होते. ज्या मुलाला असा ज्वर येऊन गेला आहे, त्याची तीन वा चार आठवड्यांनी द्यावयाची पेनिसिलिनची सुई चुकवू नये.

दुसरा प्रकार लयीच्या बिघाडाचा. बसल्या बसल्या छातीत एकाएकी घोडदौड सुरू होते, ठोके १५० ते २२० पर्यंत जातात, आणि जसे सुरू झाले तसेच क्षणात थांबतात. हृदयातील विद्युत्‌वाहक तंतूंत एखादी जादा वाट असली, म्हणजे असे घडते. पुष्कळदा रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे शांत होते आणि कार्डिओग्राम निर्दोष येतो. म्हणून झटका चालू असतानाच कार्डिओग्राम काढून घेण्याची धडपड करावी, किंवा २४ तास अंगावर बांधून ठेवण्याच्या यंत्राने तपासणी करून घ्यावी. अशा जादा वाटा आता एका सूक्ष्म नळीच्या साहाय्याने कायमच्या बंद करता येतात.

वयस्क माणसांत नाडी जलद आणि पूर्णपणे वेडीवाकडी लागत असेल, तर हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असण्याचा संभव असतो. त्यात रक्त साकळून त्याची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. आजोबांची नाडी अनियमित लागली, तर त्रास होत नसला तरी तपासणी टाळू नये.

फुफ्फुसे, औषधे आणि विष

हिवाळ्यात दिल्लीवर धुराचे आच्छादन पसरते, तेव्हा दमेकऱ्यांचे हाल होतात. फुफ्फुसांना प्राणवायू अपुरा पडला, की हृदयाला धावावेच लागते. त्यातच दम्यावर श्वासातून घेतले जाणारे साल्ब्युटामॉल हे औषधही नाडी वाढविते व हात कापवते. म्हणून ते एकाएकी बंद करू नये, मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. सर्दीवरची काही औषधे, तंबाखू, विडी, मद्य आणि कडक चहा-कॉफीचे वारंवार प्याले हेही नाडीला टाच मारणारे आहेत. बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यानंतर एक पाय सुजला, आणि मग एकाएकी धाप लागून नाडी वाढली, तर पायातील गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालयात जावे.

आकड्यापेक्षा कारण महत्त्वाचे कसे, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या कोकणातच आहे. लाल विंचू चावला, की त्याच्या विषाने शरीरातील उत्तेजक नसा खवळतात. दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, नाडी भरधाव सुटते आणि फुफ्फुसांत पाणी साचून रोगी दगावतो. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसून लक्षणांची नोंद केली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. धावणारी नाडी दाबण्याच्या मागे न लागता, विषामुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी दिले, आणि पूर्वी हमखास हाती न लागणारे रोगी वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला. नाडीमागचे कारण हाती आले म्हणजे एका खेड्यातील आरोग्य केंद्रही जगाला वाट दाखवू शकते.

मन दोषी केव्हा ठरवावे

चिंता, शोक, अपुरी झोप आणि घरातील ताण यांनी नाडी वाढते, यात संशय नाही. तो त्रास खोटा नसतो. ज्याची छाती धडधडते त्याला ती खरोखरच धडधडताना जाणवते, आणि त्या जाणिवेने भीती वाढून ठोके आणखी वाढतात. सावकाश दीर्घ श्वास, नियमित झोप, रोजचे चालणे आणि मनातले बोलता येईल असे माणूस, यांचा येथे मोठा उपयोग होतो. जरूर पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. परंतु मनावर ठपका ठेवण्यापूर्वी रक्तक्षय, थायरॉइड आणि हृदय यांची तपासणी झालीच पाहिजे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावला जातो आणि बरा होण्याजोगा आजार वर्षानुवर्षे अंगावर निघतो.

रुग्णालयात केव्हा जावे

विश्रांतीतील नाडी वारंवार १०० च्या वर लागत असेल आणि दुसरा काही त्रास नसेल, तर घाबरे न होता दोन-चार दिवसांत डॉक्टरांची भेट घ्यावी. हिमोग्लोबिन, टीएसएच, रक्तातील साखर आणि कार्डिओग्राम या प्राथमिक तपासण्यांनी पुष्कळ कारणे उजेडात येतात. आपण घेत असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व इतर धरून, बरोबर न्यावीत.

परंतु जलद नाडीबरोबर पुढीलपैकी काहीही असेल, तर थांबू नये : छातीत दुखणे वा दडपण, भोवळ किंवा बेशुद्धी, बसल्या जागी धाप, अंगावरून जास्त जाणे अथवा काळसर शौच, हातपाय गार पडून भ्रम होणे, किंवा १५० च्या आसपासचे ठोके काही मिनिटांतही न उतरणे. १०८ अथवा ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिकेस बोलवावे. रोग्याला स्वतः वाहन चालवू देऊ नये.

आणखी एक पथ्य. शेजाऱ्याला लागू पडलेली नाडी मंद करणारी गोळी मागून घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकते. ज्याच्या शरीरात रक्त वा पाणी कमी आहे, त्याच्या हृदयाला आवर घालणे म्हणजे पाणी आणणाऱ्याचे पायच बांधण्यासारखे आहे. उलट, डॉक्टरांनी अशी गोळी चालू केली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकाएकी थांबवू नये, त्याने हृदय अधिकच बिथरते.

आज सायंकाळी, घरातील कामे आटोपल्यावर, कुटुंबातील प्रत्येकाची नाडी एकदा मोजा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. मुलांनाही मोजण्यास शिकवा, त्यांना ते आवडेल. आपल्या माणसाची निरोगी असतानाची नाडी ठाऊक असली, म्हणजे आजारपणात ती किती बदलली हे चटकन कळते. आणि त्या वहीत एखाद्याचा आकडा सतत शंभरीपार दिसला, मग तो घरातील कधीच तक्रार न करणाऱ्या माउलीचा का असेना, तर तिला पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी घेऊन जाण्याचा दिवसही त्याच पानावर लिहा.